भाजलेला अंगठा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी पोस्टमन पुठ्ठ्याची एक लांब नळी देऊन गेला. तिकिटं आयर्लंडची. घरात आम्ही दोघंच. बायको म्हणाली, कॅलेंडर असेल. परदेशातून मला कॅलेंडर कोण पाठवणार? पण तिचंही अगदीच चुकलं नव्हतं, कारण आतून भिंतीवर लावायचीच वस्तू निघाली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी डब्लिनला नर्स आहे. तिचं नाव इथे घेत नाही, तिला ते आवडणार नाही. २००० सालानंतर आयर्लंडच्या इस्पितळांनी भारतातून बऱ्याच परिचारिका नेल्या, त्यांतलीच ही एक. वॉर्डात केरळच्या पुष्कळ जणी, मराठी बोलायला कोणी नाही, असं ती सुरुवातीला कळवायची. मग पत्रं थांबली आणि नववर्षाच्या शुभेच्छा मोबाइलवर येऊ लागल्या. मधल्या काळात ती संध्याकाळच्या एका वर्गात मुद्राचित्रण शिकते आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. नळीतून निघाला तो तिने स्वतः कोरलेला आणि स्वतः छापलेला लिनोकट.

आकार वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा. रंग एकच, काळा. कागद पातळ, जपानी पद्धतीचा. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ७/२० लिहिलेलं, म्हणजे वीस प्रतींतली सातवी. उजव्या कोपऱ्यात तिची सही. चित्रात एक नदी, काठावर झाडं, मध्ये जाळ. जाळावर मासा भाजतो आहे, आणि तो चित्राचा जवळजवळ निम्मा भाग व्यापून आहे. खवला न् खवला वेगळा कोरलेला. जाळापाशी दहा-बारा वर्षांचा एक पोरगा उकिडवा बसलाय आणि त्याचा अंगठा तोंडात आहे. मागे एक म्हातारा उभा आहे. त्याचं लक्ष माशाकडे नाही, तो पोराकडे बघतो आहे.

मला आधी मासा दिसला, मग म्हातारा. अंगठा सगळ्यांत शेवटी. तो दिसल्यावर मी खुर्ची ओढून खाली बसलो. का, ते पुढे येईलच.

आधी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. मलाही नव्हती. चित्राबरोबर तिने दोन पानं लिहून पाठवली होती, बाकी मी नंतर मिळवून वाचलं.

आयर्लंडच्या पूर्वेला बॉइन नावाची नदी आहे. नदीचं नाव बोआन या देवीवरून आलं. आपल्या गोदावरी-कृष्णेसारखी तिथेही नदी ही बाईच. एका गूढ विहिरीभोवती नऊ हेझलची झाडं होती. हेझलची फळं म्हणजे आजकाल चॉकलेटात घालतात तीच. या झाडांच्या फळांत जगातलं सगळं ज्ञान साठलेलं. फळं पाण्यात पडायची आणि एक सॅमन मासा ती खायचा. त्यामुळे सगळं ज्ञान त्या माशाच्या अंगात उतरलं. जो कोणी हा मासा पहिल्यांदा चाखेल, त्याला अज्ञात असं काही राहणार नाही.

इथे थोडं थांबून एक सांगायला हवं. आपल्याकडे मासळीबाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण या दोघांचं नातं नाही. सॅमनची जातच निराळी. तो गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत येतो, प्रवाहाच्या उलट दिशेने, धबधब्यावर उड्या मारत. असा मासा दरवर्षी डोळ्यांसमोर बघणाऱ्या लोकांनी ज्ञान त्याच्याच पोटात ठेवलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

तर फिनेगस नावाचा एक म्हातारा कवी या माशासाठी बॉइनच्या काठी सात वर्षं बसून होता. हा मासा ‘फिन’ला मिळणार, असं भाकीत होतं आणि त्याचं स्वतःचं नाव फिनेगस, म्हणजे फिन हा कवी. त्याने अर्थ सोयीचा घेतला. आपण सगळेच घेतो. एके दिवशी त्याच्याकडे डेम्ने नावाचा पोरगा काव्य शिकायला आला. पोराचा बाप लढाईत मारला गेला होता. शत्रूंच्या भीतीने दोन बायकांनी त्याला स्लीव्ह ब्लूमच्या डोंगरातल्या जंगलात लपवून वाढवलं होतं. आणि नेमका त्याच्या शिष्यपणाच्या काळात मासा सापडला. सात वर्षांनी.

गुरूने मासा भाजायचं काम शिष्याला दिलं आणि बजावलं, यातला कण तोंडात घालायचा नाही. आजची आयरिश मुलं शाळेत जी गोष्ट ऐकतात, तिच्यात भाजताना माशाच्या कातडीवर एक फोड येतो आणि पोरगा तो अंगठ्याने दाबतो. बाराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या जुन्या कथेत फोडाचा उल्लेख नाही, नुसता अंगठा भाजतो. दोन्हीकडे पुढचं एकच. अंगठा भाजला, पोराने तो चटकन तोंडात घातला. संपलं. सगळं ज्ञान शिष्याकडे.

मासा घेऊन तो गुरूकडे गेला. गुरूने विचारलं, खाल्लास का यातलं काही? पोरगा म्हणाला, नाही, पण माझा अंगठा भाजला आणि मी तो तोंडात घातला. गुरूने विचारलं, तुझं नाव काय? पोरगा म्हणाला, डेम्ने. गुरू म्हणाला, नाही, तुझं नाव फिन, हा मासा तुझाच होता. आणि अख्खा मासा त्याने पोराला खायला दिला.

हाच पोरगा पुढे फिन मॅकूल म्हणून आयर्लंडचा मोठा वीर झाला. काही अडलं की तो अंगठा तोंडात घालायचा आणि त्याला उत्तर मिळायचं. त्याच फिनने म्हातारपणी मनातल्या जुन्या रागापोटी, मरायला टेकलेल्या डिअरमुडला पाजायचं पाणी ओंजळीतून मुद्दाम गळू दिलं, अशीही गोष्ट आहे. ज्ञान मिळूनसुद्धा! पण ते वेगळं प्रकरण.

या माशाचं तिथे किती अगत्य, हे तिच्या पत्रातून कळलं. १९२८ साली स्वतंत्र आयर्लंडने आपली पहिली नाणी काढली. चित्रं ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष कवी डब्ल्यू. बी. येट्स होते, आपल्या रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिणारे. राजाराणीच्या मुखवट्याऐवजी त्यांनी नाण्यांवर पशुपक्षी घेतले आणि दोन शिलिंगांवर आला सॅमन. पुढे दहा पेन्सच्या नाण्यावर तो टिकला, २००२ मध्ये युरो येईपर्यंत. बेलफास्टला नदीकाठी दहा मीटर लांबीचा चिनी मातीच्या फरशांनी मढवलेला मासा आहे, १९९९ सालचा. पुराणातल्या गोष्टी काळ्या शाईत उतरवण्याचीही तिकडे सवय आहे. लुई ल ब्रॉकी या चित्रकाराने १९६९ मध्ये ‘टॉइन’ या वीरकथेसाठी केलेली कुंचल्याची काळी चित्रं मी पुस्तकात पाहिली. नुसते डाग वाटतात, आणि बघता बघता त्या डागांतून सैन्य चालू लागतं.

आता लिनोकटाविषयी थोडं सांगतो. हा माझा प्रांत.

लिनोलियम म्हणजे मुळात जमिनीवर अंथरायची वस्तू. १८६०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने ती काढली. जवसाचं तेल हवेत राहिलं की घट्ट होतं. त्यात बुचाचा भुसा आणि राळ मिसळून तो थर तागाच्या कापडावर बसवायचा. नावातच जवस आहे. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. चित्रकारांनी ही फरशी उचलली ती लाकडाला पर्याय म्हणून. लाकडाला रेषा असते, हत्यार तिच्या कलाने चालवावं लागतं. लिनोला रेषा नाही, हवं तिकडे वळा. शिवाय स्वस्त. म्हणूनच विएन्नाच्या फ्रान्झ चिझेक यांनी शंभर वर्षांपूर्वी तो लहान मुलांच्या हातात दिला. आपल्याकडे नंदलाल बोस यांनी १९३०च्या दांडीयात्रेवर काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचा लिनोकट केला, तो तुम्ही सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेला आहे. मुंबईत अंधेरीला राहून चित्तप्रसाद यांनी कष्ट करणाऱ्या मुलांची चित्रं लिनोवरच कोरली. पिकासोला तर या माध्यमाने पंचाहत्तरीनंतर झपाटलं.

काम सोपं दिसतं, पण सगळं उलटं असतं. जे कोरून काढाल ते पांढरं राहतं आणि जे ठेवाल ते काळं छापतं. ठशावर जे डावं ते कागदावर उजवं. माझी मुलं ठशावर आपलं नाव सरळ कोरायची आणि कागदावर ते आरशातल्यासारखं आलं की वर्गात हशा पिकायचा. शाई रोलरने पसरताना तिचा आवाज ऐकावा लागतो. चुरचुर असा बारीक आवाज आला की शाई बरोबर. पचपच आवाज आला तर शाई जास्त झाली, बारीक रेषा बुजणार. या मुलीकडे प्रेस नाही. तिने घराच्या ओट्यावर लाकडी चमच्याच्या पाठीने घासून वीस प्रती काढल्या. मला ते पत्रात वाचायच्या आधीच समजलं होतं. कागद उलटा करून उजेडात धरला की चमचा फिरल्याच्या चकचकीत वाटा दिसतात. वीस प्रती झाल्यावर तिने ठशावर आडवी फुली कोरली, म्हणजे एकविसावी कोणी काढू नये. हा आमच्या धंद्यातला प्रामाणिकपणा.

प्रामाणिकपणाचा विषय निघालाच आहे.

मी तालुक्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. १९९६ साली डिसेंबरात स्नेहसंमेलनासाठी मुलांच्या लिनोकटांचं प्रदर्शन मांडायचं मी ठरवलं. लिनो गावात मिळत नव्हता, पुण्याहून फरशीच्या दुकानातले उरलेले तुकडे आणले. कोरायची हत्यारं पुरेशी नव्हती, म्हणून मोडक्या छत्र्यांच्या काड्या घासून पन्हळीसारखी हत्यारं केली. चांगली चालत. ही मुलगी तेव्हा नववीत होती. हात स्थिर, वर्गातली सगळ्यांत सरस. ती मोर कोरत होती.

लिनोचा एक स्वभाव आहे. थंडीत तो कडक होतो. उन्हात ठेवला किंवा गरम इस्त्री अलगद फिरवली की लोण्यासारखा कापला जातो. कडक लिनोवर जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हत्यार निसटतं. हे मला ठाऊक होतं. रोज सकाळी मी तुकडे उन्हात मांडायचो. त्या दिवशी मांडले नाहीत. प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते, पहिल्याच तासाला मी मुलांना कामाला बसवलं. ऊन अजून व्हरांड्यात आलंही नव्हतं.

तिचं हत्यार निसटलं आणि लिनो धरलेल्या डाव्या अंगठ्यात घुसलं. ती ओरडलीसुद्धा नाही. तिने अंगठा तोंडात घातला आणि माझ्याकडे बघत राहिली. पाच टाके पडले. तिचे वडील शाळेत आले, मोठे शेतकरी नव्हते, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. म्हणाले, पोरीला जपा सर, इतकंच. शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने गमतीने विचारलं, काय द्रोणाचार्य, अंगठा मिळाला का? सगळे हसले. मीही हसलो.

मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिला. सर्व विद्यार्थ्यांना आवश्यक त्या सूचना दिलेल्या होत्या, सदर विद्यार्थिनीने त्यांचे पालन न केल्यामुळे इजा झाली. वाक्य माझ्या अजून पाठ आहे. थंडीचा त्यात उल्लेख नव्हता. उन्हाचा नव्हता. हत्यारं शाळेने कपाटात बंद केली, प्रदर्शनात नेहमीची निसर्गचित्रं लागली आणि त्यानंतर मी स्वतःही लिनोला हात लावला नाही. लोक विचारायचे तेव्हा सांगायचो, डोळ्यांना त्रास होतो.

आता तुम्हाला कळलं असेल, ते चित्र हातात घेऊन मी का खाली बसलो.

फिनेगसची गोष्ट मी त्या आठवड्यात किती वेळा वाचली, सांगता येणार नाही. मला त्यातलं ज्ञान वगैरे काही दिसेना. मला दिसत होती दोन उत्तरं. पोराला विचारलं, त्याने जे झालं ते सांगितलं. म्हाताऱ्याची सात वर्षं पाण्यात गेली होती, पोरावर ढकलायला निमित्तही समोर होतं. तू सूचना पाळली नाहीस, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो म्हणाला, मासा तुझा आहे.

चित्रात एक गोष्ट मला खटकत होती. पोराच्या तोंडातला अंगठा उजव्या हाताचा होता. तिचा कापला होता डावा. मला वाटलं, चला, म्हणजे हे सगळं माझ्याच मनात आहे, तिने नुसती आयरिश गोष्ट कोरली. चार दिवस या समजुतीवर काढले. पाचव्या दिवशी माझ्यातल्या मास्तराला जाग आली, अरे, हा छाप आहे, छाप उलटा येतो!

मी तिला फोन केला. तिकडे सकाळ होती, ती रात्रपाळी करून आली होती. चित्राचं कौतुक केलं, खवल्यांबद्दल बोललो, एका ठिकाणी शाई जास्त झालीय तेही सांगितलं. मग विचारलं, अंगठा उजवा का गं?

“ठशावर डावाच आहे, सर,” ती म्हणाली.

तेव्हा मी तिला खुलाशाचं सांगितलं. थंडीचं, तुकडे उन्हात न ठेवल्याचं, त्या वाक्याचं. बोलायला दोन मिनिटंही लागली नाहीत. इतकी वर्षं मी काय धरून बसलो होतो, कोण जाणे.

ती म्हणाली, “मला माहीत होतं. बाबांना त्या कागदाखाली सही करायला लावली होती. त्यांना वाचता यायचं नाही नीट, म्हणून मीच वाचून दाखवला.”

हे मला ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, “मग कधी बोलली का नाहीस?”

“कधी बोलणार? त्यानंतर दहावी संपेपर्यंत तुम्ही वर्गात माझ्याकडे बघायचाच नाहीत.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनेही वाट पाहिली नाही. विचारलं, “सर, तो मोर आहे का हो अजून?”

मोर होता. शाळा सोडताना कपाटातली हत्यारं तिथेच राहिली, पण तो ठसा मी वर्षानुवर्षं जुन्या ड्रॉइंग पेपरांच्या गठ्ठ्यात घरी ठेवला होता. काढून पाहिला. लिनो जुना झाला की ठिसूळ होतो, याला तर जवळपास तीस वर्षं झाली होती. मोराचं डोकं आणि मान कोरलेली, पिसारा नुसता पेन्सिलीने काढलेला. यावेळी मी घाई केली नाही. दुपारी गच्चीत उन्हात ठेवला, तरी एका कोपऱ्याला तडा गेलाच. शाई मागवली, रोलर शेजारच्या पोराने ऑनलाइन मागवून दिला. चमचा बायकोचा घेतला, तो आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही.

दोन छाप बरे निघाले, तिसऱ्याला ठसा दुभंगला. डोकं, तुरा, मानेवरची पिसं स्वच्छ आली आहेत. नववीतल्या मुलीचा हात होता, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पिसाऱ्याच्या जागी काळाभोर चौकोन, कारण तिथे काही कोरलंच नव्हतं. आणि मानेपासून निघून थेट काठापर्यंत गेलेली एक सरळ पांढरी रेघ. हत्यार निसटलं तेव्हाची.

दोन्ही छाप मी तिच्याच नळीत घालून डब्लिनला पाठवले. सहीची जागा मोकळी ठेवली. गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला, मिळाले, एक सही करून परत पाठवते आहे. नळी अजून यायची आहे.